किल्ल्याचा सातबारा

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' हे जेमतेम आठ मिनिटांचं कार्टून लागलं आणि मिकी माऊस लोकांना माहीत झाला. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्या कार्टूनच्या सुरुवातीची पाटी मात्र सहसा कुणी थांबून वाचत नाही. सर्वात वर 'डिस्ने कार्टून्स'चं नाव. मग हे मिकी माऊसचं ध्वनीसह कार्टून असल्याची जाहिरात, मग शीर्षक. त्याखाली 'वॉल्ट डिस्ने कॉमिक' आणि लगेच चित्रकाराचं नाव, अब आयवर्क्स. तळाशी ध्वनिमुद्रण कोणत्या यंत्रणेवर झालं तेही नोंदवलेलं: पॉवर्स सिनेफोन. स्टुडिओ, उंदीर, तो काढणारा हात आणि त्याला आवाज देणाऱ्या यंत्राचा मालक, असे सगळे एका स्थिर पाटीवर दाटीवाटीने बसले होते.

ती बैठक फार टिकली नाही. जानेवारी १९३० मध्ये आयवर्क्स डिस्ने सोडून गेला. त्याला स्वतंत्र स्टुडिओ काढायला पैसा पुरवला तो पॅट पॉवर्सने, म्हणजे त्याच सिनेफोनवाल्याने. पाटीवरच्या खालच्या दोन नावांनी वरच्याशी काडीमोड घेऊन आपसात संसार थाटला म्हणायचा. पुढच्या कार्टूनांच्या पाट्यांवरून आयवर्क्सचं नाव गेलं आणि वितरक म्हणून कोलंबियाचं नाव आलं.

चित्रपटाआधी येणारं बोधचिन्ह ही सजावट आहे, दिवे मालवल्यावर प्रेक्षकांना जागेवर बसायला दिलेली सवलत आहे, अशी आपली समजूत असते. मला मात्र ते सातबाऱ्यासारखं वाटतं. कब्जेदार कोण, इतर हक्कांत कुणाचं नाव चढलंय, बोजा कुणाचा, कोणत्या साली कुठला फेरफार झाला, हे सगळं त्या पंधरावीस सेकंदांत नोंदवलेलं असतं. डिस्नेइतका जुना आणि तपशीलवार उतारा दुसऱ्या कुठल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा क्वचितच सापडेल.

मालकीबाबत डिस्ने इतका जागरूक का झाला, याचं कारण एक ससा आहे. १९२३ मध्ये वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय यांनी लॉस एंजेलिसमध्ये 'डिस्ने ब्रदर्स कार्टून स्टुडिओ' काढला. तीनच वर्षांत त्याचं 'वॉल्ट डिस्ने स्टुडिओ' झालं. हिशेब आणि कर्जं रॉय बघत राहिला, पाटीवर मात्र एकट्या धाकट्याचं नाव राहिलं. १९२७ मध्ये त्यांनी ऑस्वाल्ड नावाचा ससा काढला आणि तो चालला. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट जादा पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला. वितरक चार्ल्स मिंट्झने जादा तर सोडाच, आहेत तेही कमी करतो म्हणून सांगितलं. डिस्नेकडचे बहुतेक अ‍ॅनिमेटर त्याने आधीच आपल्याकडे वळवून घेतले होते आणि करारानुसार ऑस्वाल्डचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. ससा काढला डिस्नेने आणि राहिला दुसऱ्याच्या नावावर. त्यानंतर जो उंदीर आला, त्याच्या मालकीचा कागद वॉल्टने कधी हातातून सोडला नाही.

पात्र आपलं झालं तरी पडद्याचा पहिला मान अजून आपला नव्हता. चित्रपटगृहांपर्यंत चित्र पोचवायचं तर वितरक हवा आणि चित्राच्या डोक्यावर नाव त्याचं. कोलंबियानंतर १९३२ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स आले, १९३७ मध्ये आरकेओ आले. त्या काळच्या कार्टूनांची ओळख म्हणजे चहूबाजूंना किरणं फाकलेला मिकीचा किंवा डोनाल्डचा चेहरा. पण तो चेहरा पात्राची ओळख होता, स्टुडिओची नव्हे. २१ डिसेंबर १९३७ रोजी कार्थे सर्कल थिएटरात 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला, तेव्हाही ते आरकेओ रेडिओ पिक्चर्सचं वितरण होतं. आरकेओचं चिन्ह म्हणजे पृथ्वीगोलावर उभा राहून संदेश सोडणारा रेडिओचा मनोरा. डिस्नेचं सगळं पणाला लागलेलं असताना मान दुसऱ्याच्या मनोऱ्याला होता.

याच काळातली एक उणीव या पाट्यांवर स्पष्ट दिसते. लघुपटांच्या पाट्यांवर कित्येक वर्षं फक्त वॉल्ट डिस्नेचं नाव असे. चित्रं काढणारी माणसं बिननावाची राहत. मे १९४१ मध्ये स्टुडिओत जो संप झाला, त्याच्या तक्रारींत पगाराबरोबर पडद्यावरच्या श्रेयाचाही प्रश्न होता. लघुपटांवर दिग्दर्शकाचं नाव नियमितपणे यायला १९४० च्या दशकाचा मध्य उजाडला. आयवर्क्सचं नाव १९२८ मध्ये ज्या सहजतेने लिहिलं गेलं, ती सहजता मधल्या काळात हरवली होती.

आरकेओशी बिनसलं ते एका माहितीपटावरून. 'द लिव्हिंग डेझर्ट' हा वाळवंटातल्या प्राण्यांवरचा पूर्ण लांबीचा चित्रपट आरकेओला चालेलसा वाटेना. रॉयने १९५३ मध्ये स्वतःचीच वितरण कंपनी काढली आणि तिला नाव दिलं ब्युएना व्हिस्टा. बरबँकला स्टुडिओ ज्या रस्त्यावर आहे, त्याचंच हे नाव. दुसऱ्याच्या मनोऱ्याच्या जागी आता आपल्या रस्त्याचं नाव आलं. जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना त्यांच्यावरचं आरकेओचं नाव पुसून तिथेही ब्युएना व्हिस्टा बसवलं गेलं. मात्र ती होती साधी अक्षरं. जगातली सर्वात ओळखीची चित्रं काढणाऱ्या स्टुडिओला वॉल्टच्या हयातीत चित्रपटाआधी दाखवायचं असं स्वतःचं चित्रच नव्हतं. त्याला त्याची गरजही नसावी. 'वॉल्ट डिस्ने प्रस्तुत' एवढे शब्द पुरेसे होते, आणि तो स्वतः दर आठवड्याला टीव्हीवर दिसत होता.

डिस्नेच्या बोधचिन्हातला किल्ला आला तो या टीव्हीच्या वाटेने. डिस्नेलँड उभारायला पैसा हवा होता. एबीसी वाहिनीने तो काही अंशी लावला आणि मोबदल्यात डिस्नेकडून साप्ताहिक कार्यक्रम घेतला. ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचं नावही 'डिस्नेलँड'. 'पिनोकियो'तलं (१९४०) ताऱ्याकडे मागणं मागण्याचं गाणं, टिंकरबेल परी आणि किल्ला हे त्रिकूट टीव्हीच्या पडद्यावर जमलं. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला उद्यान उघडलं. तिथल्या किल्ल्याला 'स्लीपिंग ब्यूटी'चं नाव आहे, पण तो चित्रपट आला १९५९ मध्ये. किल्ला आधी, गोष्ट नंतर. बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यावरून स्फूर्ती घेतलेला हा किल्ला प्रत्यक्षात ७७ फूट उंच, म्हणजे सातमजली इमारतीएवढाच आहे. तळाचे दगड मोठे आणि वर जावं तसे लहान बसवल्याने खालून पाहणाऱ्याला तो बराच उंच भासतो. पडद्यावरचा किल्ला मुळात एका गोष्टीतला नाही, तिकीट काढून आत जायच्या जागेतला आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचे फेरफार सोपे होतात.

वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला, रॉय १९७१ मध्ये. त्यानंतरची दहाबारा वर्षं कंपनी जुन्या पुण्याईवर चालली. डिस्ने म्हणजे लहान मुलांचा सिनेमा ही ओळख अडचणीची ठरू लागली, तेव्हा मोठ्यांच्या 'स्प्लॅश' या चित्रपटासाठी १९८४ मध्ये टचस्टोन नावाची वेगळी पाटी काढावी लागली, म्हणजे स्वतःचं नाव लपवावं लागलं. त्याच वर्षी शेअर बाजारातल्या सॉल स्टाइनबर्गने कंपनी ताब्यात घ्यायचा डाव टाकला. तो महागात निस्तरल्यावर सप्टेंबरमध्ये मायकेल आइस्नर आणि फ्रँक वेल्स ही नवी जोडी कारभारावर आली.

१९८५ च्या उन्हाळ्यात 'रिटर्न टु ऑझ' आणि पाठोपाठ 'द ब्लॅक कॉल्ड्रन' या चित्रपटांआधी किल्ला पहिल्यांदा दिसला. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या सपाट आकारांचा, कागद कातरून केल्यासारखा. प्रकाशाच्या रेघांनी तो उमटतो, वर एक कमान काढली जाते, 'पिनोकियो'चं गाणं वाजतं, खाली 'वॉल्ट डिस्ने पिक्चर्स'. बस. 'ब्लॅक कॉल्ड्रन' दणकून आपटला, पण त्याच्या आधीची ती काही सेकंदं एकवीस वर्षं टिकली. माझ्या मते डिस्नेचं सर्वात चांगलं बोधचिन्ह हेच. त्यात एकही रेघ जास्तीची नाही आणि लहान पडद्याच्या टीव्हीवर, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवरही ते ओळखू येत असे. रविवारी दूरदर्शनवर 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' पाहणारी आपल्याकडची मुलं पुढे कॅसेट भाड्याने आणू लागली, तेव्हा 'अलादीन' आणि 'लायन किंग'च्या आधी त्यांनी पाहिला तो हाच किल्ला.

त्यावरची 'वॉल्ट डिस्ने' ही सही वॉल्टच्या हातची मानली जाते. ती सुबक करून घेतलेली, चित्रकारांनी घोटलेली आवृत्ती आहे. चाहत्यांना पाठवायच्या चित्रांवर त्याच्या नावाने सही करण्याची मुभा हयातीतच स्टुडिओतल्या काही चित्रकारांना होती.

१९९५ मध्ये या पांढऱ्या किल्ल्याला प्रथमच खोली मिळाली, आणि ती मिळवून दिली बाहेरच्यांनी. 'टॉय स्टोरी'साठी पिक्सार या स्टुडिओने संगणकावर त्रिमितीतला किल्ला केला, रँडी न्यूमनने त्याला वेगळं संगीत दिलं. 'टॉय स्टोरी'ने बाजी मारल्यावर पिक्सारचा मालक स्टीव्ह जॉब्ज नवा करार मागायला बसला. १९९७ च्या त्या करारात नफ्याच्या वाटणीइतकंच महत्त्वाचं कलम होतं नावाचं. यापुढच्या चित्रपटांवर, जाहिरातींवर, खेळण्यांवर डिस्ने आणि पिक्सार यांची नावं डोळ्यांना सारख्याच मानाची दिसली पाहिजेत. १९२८ मध्ये ऑस्वाल्डच्या वेळी वॉल्टला जे जमलं नव्हतं, ते जॉब्जने डिस्नेकडूनच वसूल केलं.

पिक्सारच्या स्वतःच्या चिन्हाची तर कथाच और आहे. एक टेबलदिवा टुणटुणत येतो, नावातल्या 'आय' अक्षरावर उड्या मारून ते चपटं करतो आणि आपल्याकडे वळून बघतो. हा दिवा जॉन लॅसेटरच्या १९८६ च्या 'लक्सो ज्युनियर' या दोन मिनिटांच्या फिल्ममधला. डोळे नाहीत, तोंड नाही, नुसत्या सांध्यांच्या हालचालीतून त्याचं पोरवय कळतं. संगणकाने काढलेली वस्तू जिवंत वाटू शकते याचा तो पुरावाच होता. 'वॉल-ई' (२००८) संपतो तेव्हा या दिव्याचा बल्ब जातो आणि वॉल-ई येऊन तो बदलून देतो, ही त्या चिन्हाशी केलेली सर्वात गोड थट्टा. पण लक्सो हे एका खऱ्या नॉर्वेजियन दिवेवाल्या कंपनीचं नाव. याकोब याकोब्सनने १९३७ च्या सुमारास रचलेल्या दिव्यावरून तो आला. २००९ मध्ये 'अप'च्या डिस्कबरोबर डिस्नेने तसेच दिवे विकायला काढले, तेव्हा त्या कंपनीने न्यूयॉर्कात दावा ठोकला. दिवा पडद्यावर उड्या मारतोय तोवर हरकत नव्हती, दुकानात आला तेव्हा झाली. डिस्नेने विक्री थांबवली आणि दावा मिटला.

२००६ हे या उताऱ्यातलं सर्वात गजबजलेलं साल. जानेवारीत डिस्नेने पिक्सार ७.४ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. फेब्रुवारीत नवा प्रमुख बॉब आयगरने एक विलक्षण अदलाबदल केली. एबीसीकडे करारबद्ध असलेला नामवंत क्रीडा समालोचक अ‍ॅल मायकल्स याला एनबीसीकडे जायचं होतं. आयगरने त्याला सोडलं आणि बदल्यात एनबीसी युनिव्हर्सलकडून जे घेतलं त्यात ऑस्वाल्ड ससाही होता. ७८ वर्षांनी ससा घरी आला, तो जिवंत माणसाच्या बदल्यात.

आणि जुलैमध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या दुसऱ्या भागाआधी नवा किल्ला दिसला. तो नीट बघावा. काळ्या आकाशात एक तारा. कॅमेरा ढगांतून खाली उतरतो. वळणं घेणारी नदी, तिच्यात शिडाचं जहाज, काठाने धूर सोडत चाललेली आगगाडी, दिवे लागलेली घरं. आगगाडी उगाच नाही, वॉल्टला तिचं इतकं वेड होतं की त्याने घराच्या अंगणात रूळ टाकून छोटी गाडी चालवली होती. मग बुरुजाचा झेंडा अगदी जवळून फडफडत जातो. चित्र थांबवलं तर त्यावर डिस्ने घराण्याचं कुलचिन्ह दिसतं. कॅमेरा मागे येतो, फटाके फुटतात, कमान उमटते. हा किल्ला कॅलिफोर्नियातला नाही आणि फ्लोरिडातला १८९ फुटी सिंड्रेलाचाही नाही, दोन्हींचं मिश्रण आहे. दृश्य घडवलं न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलने, संगीत बेतलं मार्क मॅन्सिनाने. काम देखणं आहे यात शंका नाही, पण इथे बोधचिन्हाचा छोटा चित्रपट झाला. १९८५ च्या किल्ल्याने नुसतं नाव सांगितलं होतं, हा उद्यानाच्या फाटकातून आत घेऊन जातो.

दोनच वर्षांनी हा थाटाचा किल्ला एका मुंबईच्या चित्रपटाआधी झळकला. यशराज फिल्म्स आणि डिस्ने यांनी मिळून काढलेला 'रोडसाइड रोमिओ' ऑक्टोबर २००८ मध्ये आला. अ‍ॅनिमेशन टाटा एलेक्सीच्या व्हिज्युअल कम्प्युटिंग लॅब्जचं. डिस्नेच्या किल्ल्याखालून निघायचं आणि मुंबईच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांत उतरायचं, असा तो प्रवास होता.

अ‍ॅनिमेशन विभागाने मात्र २००७ मध्ये वेगळीच युक्ती केली. पिक्सारचे लॅसेटर आणि एड कॅटमल आता डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनचेही प्रमुख झाले होते, स्टुडिओचं नाव 'वॉल्ट डिस्ने अ‍ॅनिमेशन स्टुडिओज' ठरलं होतं. 'मीट द रॉबिन्सन्स'पासून किल्ल्यानंतर आणखी एक चिन्ह येऊ लागलं: अ‍ॅनिमेशनचा कागद, त्यावर पेन्सिलीच्या रेघा आणि त्यांतून जिवंत होणारा, सुकाणू धरून शीळ घालणारा 'स्टीमबोट विली'तला मिकी. परंपरेला नमस्कार म्हणून ते सुंदरच आहे. 'रेक-इट राल्फ'च्या (२०१२) वेळी तोच मिकी जुन्या व्हिडिओ गेमच्या ठोकळ्यांचा झाला, तेव्हा हसूही आलं.

पण कायद्याच्या जाणकारांनी त्यात दुसरं काही पाहिलं. १९२८ च्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क नूतनीकरणासह फार तर ५६ वर्षं, म्हणजे 'स्टीमबोट विली' १९८४ पर्यंत. १९७६ च्या कायद्याने ती मुदत ७५ वर्षं केली, १९९८ च्या कायद्याने ९५. दुसऱ्या वाढीसाठी डिस्नेने इतका जोर लावला की विरोधक तिला मिकी माऊस कायदा म्हणत. (आपल्याकडे चित्रपटांना प्रदर्शनापासून ६० वर्षं मिळतात. त्यामुळे प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' केव्हाच मोकळा झाला आहे.) तिसरी वाढ काही मिळाली नाही आणि १ जानेवारी २०२४ रोजी 'स्टीमबोट विली' सर्वांचा झाला. ट्रेडमार्कला मात्र अशी अखेर नसते. चिन्ह वापरात आहे आणि लोक त्यावरून मालक ओळखतात, तोवर ते चालू राहतं. शीळ घालणारा मिकी तोवर जवळपास सतरा वर्षं प्रत्येक चित्रपटाआधी स्टुडिओचं चिन्ह म्हणून वापरात होता. हा नमस्कार होता की कुंपण, याचा पुरावा कुठल्या कागदावर नाही. मला दोन्ही वाटतं. आता कुणीही तो लघुपट दाखवू शकतो, त्यातल्या मिकीला घेऊन नवं काही करू शकतो. पहिल्याच दिवशी एका भयपटाची झलक बाहेरही आली. फक्त ते डिस्नेचं काम आहे असं प्रेक्षकाला वाटता कामा नये.

मधल्या काळात किल्ल्याला सोंगं घ्यायची सवय लागली होती. 'ट्रॉन: लेगसी'त (२०१०) तो निऑनच्या रेघांचा झाला, 'मॅलेफिसेंट'मध्ये (२०१४) त्या चित्रपटातल्या राज्याचा, २०१७ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये राक्षसाचा वाडा. 'फ्रोझन'ने (२०१३) किल्ल्यावरचं नेहमीचं गाणंच काढून तिथे समूहगान ठेवलं. हे तेव्हाच जमतं जेव्हा मूळ रूप प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं असतं. २०११ मध्ये 'द मपेट्स'पासून 'वॉल्ट' आणि 'पिक्चर्स' हे दोन्ही शब्द गळाले आणि फक्त 'डिस्ने' उरलं. संस्थापकाचं पहिलं नाव गेलं, सहीचं वळण तेवढं ठेवलं. १९२६ मध्ये पाटीवरून भाऊ गेला होता, ८५ वर्षांनी वॉल्टही गेला.

शताब्दीच्या निमित्ताने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'स्ट्रेंज वर्ल्ड'आधी किल्ला पुन्हा बांधला गेला. गाणं तेच, बांधणी क्रिस्टोफ बेकची, नावाखाली शंभराचा आकडा. शताब्दी सरल्यावर तो आकडा काढला, किल्ला राहिला. २००६ च्या किल्ल्यासाठी काम न्यूझीलंडला द्यावं लागलं होतं. हा नवा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने केला, आणि ती कंपनी लुकासफिल्मच्या खरेदीत २०१२ मध्येच डिस्नेच्या नावावर चढलेली आहे.